चिमट्यातला बाक

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की आधी स्वतःच्या रंगाचं कौतुक करतात. मीही करणार आहे, मला राहवणार नाही. पण त्याआधी एक कबूल करून टाकते. मी एक जुनी शर्यतीची सायकल आहे आणि मी एका बाईला पाडलं. ठरवून नाही पाडलं, पण ती कधीतरी पडणार हे मला कळत होतं आणि मी तोंड मिटून, मूग गिळून बसले. तुम्ही म्हणाल, सायकलीला कुठलं आलंय तोंड? हेच उत्तर मी स्वतःला नऊ वर्षं देत आले. आता ते देताना माझी मलाच लाज वाटते.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे एक जाड चष्म्याचे गृहस्थ पोलादाच्या बारीक नळ्या जोडायचे आणि जोड थंड होईपर्यंत कोणाशी बोलायचे नाहीत. मला गडद निळा रंग दिला. त्यावर एका बाईंनी श्वास रोखून पांढरी रेघ ओढली, ती अजून जागेवर आहे. माझे टायर बोटाएवढे बारीक होते. पुढचं चाक ज्यात बसतं ना, त्याला चिमटा म्हणतात. त्या चिमट्यात आणि टायरमध्ये करंगळीसुद्धा शिरली नसती, इतकं सगळं नेमकं बसवलेलं. मडगार्डसाठी माझ्या अंगावर एकही भोक ठेवलं नव्हतं. शर्यतीच्या सायकलीला चिखलाशी काय देणंघेणं, असं तेव्हा सगळ्यांचं म्हणणं होतं आणि माझंही तेच होतं. नाक जरा वरच होतं माझं.

दादाने मला त्याच्या बहिणीसाठी आणलं. घरीदारी सगळे तिला धाकटी म्हणायचे, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. दोघांचे आईवडील नव्हते, दादानेच तिला वाढवलं होतं. त्यामुळे तो तिच्याशी थोडा भावासारखा आणि थोडा बापासारखा वागायचा, आणि कुठलं कधी हे त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं. मला दारात उभी करून त्याने तिला एकच गोष्ट बजावली. म्हणाला, हवं तेवढं जोरात जा, पण हँडल सोडायचं नाही. तिने गळ्याला चिमूट लावून शपथ घेतली.

काय दिवस होते ते! पहाटे ती मला घेऊन जिना उतरायची तेव्हा शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून बूट हातात धरायची. उन्हाळाभर आम्ही नदीकाठचा रस्ता तुडवला. ती चढावर उभी राहून पेडल मारायची आणि मी तिच्याखाली जराही कुरकुरायची नाही. दुसऱ्या वर्षी तिने एक शर्यत जिंकली, मग आणखी एक. फ्रिजवर कप मांडले गेले. दादा पाहुण्यांना पाणी द्यायच्या निमित्ताने मुद्दाम स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवायचा, म्हणजे कप दिसावेत.

तिसऱ्या शर्यतीच्या दिवशी आमचं चुकलं. आमचं म्हणते, कारण धाकटीने केलं आणि मला ते आवडलं. ती जिंकली होती. कप मोठा होता आणि पाठीवरच्या पिशवीत मावत नव्हता. दुपारी बाजार बंद होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिने कप दोन्ही हातांत धरून डोक्यावर नेला आणि हँडल सोडून दिलं. मी सुरीसारखी सरळ चालले होते, काय तो रुबाब! पुढे दुकानाबाहेर एक हातगाडी लावून ठेवली होती. धाकटीचं लक्ष कपाकडे होतं, माझं लक्ष तिच्या हसण्याकडे होतं. माझं पुढचं चाक थेट हातगाडीच्या चाकावर आदळलं.

ती पडली, पण कप तिने सोडला नाही, त्याला ओरखडासुद्धा आला नाही. तिचं कोपर सोललं. आणि माझा चिमटा मागे वाकला. फार नाही हो, नखाएवढाच. वरच्या बाजूला, जिथे चिमट्याचे दोन पाय फुटतात, तिथे रंगाला बारीक चिरा पडल्या. तिने मला उभं केलं, चाक फिरवून पाहिलं, मागे-पुढे पाहिलं. कोणी नव्हतं. मग माझ्या दांड्यावरचा शर्यतीच्या क्रमांकाचा स्टिकर तिने हळूच सोडवला आणि त्या चिरांवर चिकटवून अंगठ्याने नीट दाबला.

घरी पोचलो तर दादा जिन्यातच उभा होता. त्याने तिला कपासकट उचललं. कोपराकडे त्याचं लक्ष गेलं, तेव्हा ती म्हणाली, शर्यतीत घासलं. त्या दिवशी त्या घरात इतका आनंद होता की मध्येच थांबवून खरं सांगायला वाघाचं काळीज लागलं असतं. तिला ते जमलं नाही. आणि मी? मी तिच्याहून वाईट. मला बरं वाटलं. सगळे माझ्या स्टिकरवरून हात फिरवत होते आणि खालची चीर कोणाला दिसत नव्हती.

पण वाकलेला चिमटा लपतो कुठे! वळणावर मी एका बाजूला ओढायला लागले. धाकटीने एका शर्यतीत मार खाल्ला, मग दुसरीत. ती म्हणायची, पाय थकलेत. मग म्हणायला लागली, परीक्षा आहे. दादा मला दुकानात दाखवू या म्हणाला तेव्हा ती चिडून म्हणाली, सायकलीला काही झालेलं नाही, मीच कमी पडतेय. पुढे तिला लांबच्या गावी नोकरी लागली. निघताना तिने मला घरातल्या अरुंद बोळातल्या खुंटीवर टांगलं आणि माझ्याकडे न बघता बॅग उचलली.

खुंटीवर मी बरीच वर्षं काढली. त्या काळात दादाचं लग्न झालं आणि घरात वहिनी आली. मी तिला वहिनीच म्हणते, धाकटीकडून शिकले. वहिनी दर आठवड्याला मला पुसायची. स्टिकरपाशी आली की फडकं बोटाला गुंडाळून कडेकडेने पुसायची, जराही निघू नये म्हणून. आल्यागेल्याला सांगायची, ही आमच्या धाकटीची, तीन शर्यती मारल्यात हिने. मला तोंड कुठे लपवू असं व्हायचं.

वहिनी कवळ्या करायची. हसू नका, फार नाजूक काम असतं ते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा घेतात, गुलाबी रबरासारखा, आणि तो सुकायच्या आत लॅबमध्ये पोचवावा लागतो. उशीर झाला की ठसा आकसतो आणि कवळी बसत नाही. वहिनी लॅबमध्ये मेणात एकेक दात बसवायची. पुढे लॅबच्या मालकीणबाईंनी तिला ठसे आणायचं आणि तयार कवळ्या पोचवायचं कामही दिलं, नाहीतर नुसतं दात बसवायचं काम अर्ध्याच दिवसाचं होतं. बस मात्र स्वतःच्या मर्जीने यायची. दोनदा ठसे वाया गेले. मालकीणबाई म्हणाल्या, महिनाभरात काही सोय बघा, नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल.

वहिनीला सायकल येत नव्हती. एकोणचाळिसाव्या वर्षी ती इमारतीच्या मागच्या आवारात शेजारच्या मुलीच्या सायकलवर शिकली. सगळ्या खिडक्या भरायच्या बघायला. दादा वरून ओरडायचा, अगं समोर बघ, चाकाकडे काय बघतेस, चाक पळून जाणार नाही! आठ दिवसांत ती शिकली. मग एका दुपारी तिने माझ्याखाली उभं राहून धाकटीला फोन लावला. म्हणाली, तुझी सायकल मी कामासाठी घेतली तर चालेल का? जाड टायर आणि मडगार्ड बसवावे लागतील, तिचं रूप बदलेल. काही अडचण असली तर मोकळेपणाने सांग हं.

वहिनीने दोनदा हॅलो हॅलो केलं. मी खुंटीवर जीव मुठीत धरून बसले होते. आता सांगेल, मला वाटलं, आता नक्की सांगेल. तेवढ्यात वहिनीचा चेहरा उजळला. दादाला हाक मारून म्हणाली, ती म्हणतेय, घे की, नुसती लटकून तर आहे! मित्रांनो, माझा जीव भांड्यात पडला. त्याचंच मला आज सगळ्यात वाईट वाटतं.

सायकलचं दुकान कोपऱ्यावरच होतं. तिथल्या मिस्त्रींना सगळे मिलिमीटरकाका म्हणायचे, कारण ते चहासुद्धा मोजून पीत असतील असा लोकांचा संशय होता. भिंतीवर नट आवळायचे पाने आकाराप्रमाणे ओळीत टांगलेले, आणि कोणी एक हलवला तर काका बोलणं सोडून आधी तो सरळ करायचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठ आवळले. वहिनीला म्हणाले, ताई, ही शर्यतीची आहे. हिच्या पोटात जागा नाही. जाड टायर हवे असतील तर मडगार्ड विसरा, मडगार्ड हवे असतील तर टायर बेताचे घ्या. वहिनी म्हणाली, मडगार्ड नसले तर चिखल माझ्या पाठीवर आणि ठशांच्या डब्यावर येतो. टायर बारीक राहिले तर खड्ड्यात डबा हादरतो आणि लोकांचे जबडे वाकडे होतात. मला दोन्ही हवंय. काकांनी खिशातून पट्टी काढली.

तीन दिवस मी त्यांच्याकडे होते. त्यांनी माझे जुने ब्रेक काढून लांब हातांचे घातले, म्हणजे खाली जरा पोकळी राहील. टायर आधीच्यापेक्षा जाड बसवले, पण जेमतेम मावतील इतकेच. भोकं नव्हती म्हणून चिमट्याच्या पायांना रबर लावलेल्या पट्ट्या आवळल्या आणि त्यांत मडगार्डच्या काड्या अडकवल्या. टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट ते स्क्रू आवळायच्या एका पाच मिलिमीटर जाड चावीने तपासायचे. चावी चाकाभोवती सगळीकडून सारखी फिरली पाहिजे, कुठे अडता कामा नये आणि कुठे सैलही पडता कामा नये. मागच्या चाकावर चावी गोल फिरली. काका खूश झाले.

पुढच्या चाकावर ती अडली. चिमट्याच्या मागच्या बाजूला फट जवळजवळ नव्हतीच आणि पुढच्या बाजूला बोट जाईल एवढी होती. मडगार्ड बिचारं गोल होतं, खरं तेच सांगत होतं. चाक जिथे असायला हवं तिथे नाही, मागे सरकलंय, असं ते ओरडून सांगत होतं म्हणा ना. काका खाली बसले. डोळा बारीक करून त्यांनी माझा चिमटा बाजूने पाहिला. मग त्यांचा हात स्टिकरकडे गेला.

नेमकी तेव्हाच वहिनी लॅबमधून येताना दुकानात डोकावली होती. ती पटकन म्हणाली, काका, तेवढं मात्र काढू नका हं, धाकटीच्या जिंकलेल्या शर्यतीचं आहे. काकांनी हात मागे घेतला. जिंकलेल्या शर्यतीच्या खुणेला हात लावायचा नाही, हा त्यांचाही नियम होता, तरुणपणी तेही शर्यती खेळले होते. ते म्हणाले, मडगार्डच वाकडं आलं असणार, हल्ली कारखान्यातून काहीही येतं. आणि त्यांनी चिमट्याच्या मागे, मडगार्डच्या जोडात, दोन जाड वॉशर घातले. मडगार्ड मागे सरकलं, चाकाभोवती फट सारखी दिसायला लागली, चावी सुळकन फिरली. चिमटा वाकडा होता तो तसाच राहिला आणि मडगार्ड वहिनीच्या बुटाच्या दिशेने सरकून बसलं.

खरं सांगते, तेव्हा मला चिमट्याचं काहीच वाटलं नाही. मला दुःख होतं ते मडगार्डचं. पोटाला पातेलं बांधून उभं केल्यासारखं वाटत होतं. इतकी वर्षं नाक वर करून फिरलेली मी, आता कवळ्या वाहणार! पण पहिल्याच दिवशी पाऊस आला आणि वहिनी घरी कोरडी पोचली. तिने आरशात पाठ वळवून पाहिली, एक ठिपका नव्हता. ती बोळात आली आणि माझ्या सीटवर थोपटून म्हणाली, गुणाची गं बाई तू. धाकटीने मला जोरात पळवलं होतं, पण असं थोपटलं नव्हतं कधी.

पुढचे चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले म्हणायला हवेत. जाड टायर खड्डा गिळून टाकायचे. डब्यातल्या ओल्या फडक्यात ठसे शांत झोपलेले असायचे. वहिनी चढावर गाणं म्हणायची, अगदी बेसूर. एकही ठसा पुन्हा वाया गेला नाही. मालकीणबाईंनी तिला पूर्ण दिवसाचं काम दिलं. घरात ती आता थोडी मोठ्याने बोलायला लागली होती, आणि दादा लोकांना सांगायचा, आमच्याकडे आता दोन चाकांवर दवाखाना चालतो.

पण हळू वळताना टक् असा आवाज यायचा. वहिनीच्या बुटाचं टोक मडगार्डला लागायचं. जोरात जाताना हँडल फार वळत नाही, म्हणून तेव्हा लागायचं नाही, फाटकातून हळू वळताना लागायचं. तिने काकांना विचारलं. ते म्हणाले, शर्यतीच्या सायकलीला मडगार्ड लावलं की थोडं लागतंच, ताई, वळताना तो पाय वर ठेवत जा. हे खोटं नव्हतं. पुष्कळ सायकलींना तसं लागतं. पण माझं बूटभर लागत होतं, आणि ते का, हे मला एकटीला ठाऊक होतं. वहिनीने बिचारीने पाय वर धरायची सवय केली. टक् झालं की ती माझीच माफी मागायची.

तो दिवस पावसाचाच होता. एका दवाखान्याचं फाटक अरुंद होतं आणि आत लगेच डावीकडे वळायचं होतं. वहिनीच्या पाठीवरच्या डब्यात एक तयार कवळी होती, कोणा आजोबांची. समोरून एक बाई छत्री मिटत आली म्हणून वहिनीने आणखी हळू केलं आणि हँडल जरा जास्त वळवलं. पाय वर घ्यायला तिला अर्धा क्षण उशीर झाला. बुटाचं टोक मडगार्डखाली अडकलं. चाक आडवं होऊन जागीच थांबलं. मी आडवी झाले आणि ती हातावर पडली.

तिच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं. तोच तिचा दात बसवायचा हात. कवळीचे दोन तुकडे झाले, आणि त्या आजोबांनी पुढचे दहा दिवस सूप आणि केळ्यांवर काढले. लॅबमध्ये फोन करून ते तावातावाने बोलायचे, पण दात नसल्यामुळे काय बोलतात ते कोणाला कळायचं नाही. लॅबमधल्या बायका फोन ठेवून हसायच्या. वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, माझ्यामुळे एक म्हातारा माणूस उपाशी राहिला.

मालकीणबाई वाईट नव्हत्या. प्लॅस्टर निघेपर्यंत जागा राखून ठेवते म्हणाल्या. पण ठसे आणायला एक स्कूटरवाला लावला आणि विचारलं, तुम्ही पुन्हा सायकल चालवणार आहात का, ते नक्की सांगा, नाहीतर तोच कायम राहील आणि तुमचं काम पुन्हा अर्ध्या दिवसावर येईल. वहिनीने सांगितलं, मी नाही चालवणार. माझ्यात ते नाहीच. दादाने मला पुन्हा खुंटीवर टांगलं. तो तिला हसवायला म्हणायचा, चाळिशीत सायकल शिकलं की चाळिशीतच पडायचं, त्यात काय! तो वाईट मनाने बोलत नव्हता. पण ते वाक्य दर पाहुण्यासमोर ऐकून ऐकून वहिनीला पटायला लागलं होतं. बोळातून जाताना ती आता माझ्याकडे बघायची नाही.

पंधरा दिवसांनी धाकटी आली, वहिनीचा हात मोडला म्हणून रजा काढून आली होती. दारातून आत येताच ती माझ्यापाशी थबकली. माझे मडगार्ड, माझे जाड टायर, सगळं तिने पाहिलं, आणि मग तिची नजर चिमट्यावर गेली. ती तिथे इतका वेळ उभी राहिली की दादाने आतून विचारलं, चप्पल सापडत नाही का?

दुपारी सगळे जेवायला बसले. बोळाचं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. दादाने पडण्याची गोष्ट पुन्हा रंगवली, छत्रीवाली बाई, आजोबा, केळी, सगळं. चाळिशीचं वाक्यही म्हणून झालं. वहिनी डाव्या हाताने जेवत होती. तीही हसली. मग हसू ओसरल्यावर ती धाकटीला म्हणाली, "मला तुझी माफी मागायची होती गं. इतकी देखणी सायकल तुझी, मी तिची वाट लावली. मडगार्ड काय, टायर काय. आणि शेवटी जमलं तर काहीच नाही."

धाकटी म्हणाली, "वहिनी, तू पडलीच नाहीस. मी पडले होते. नऊ वर्षांपूर्वी."

आणि मग तिने सगळं सांगितलं. बंद बाजार, डोक्यावर धरलेला कप, सोडलेलं हँडल, हातगाडी, स्टिकर. दादाकडे ती बघत नव्हती. दादाचा घास हातातच राहिला होता. तो काही बोलायच्या आत वहिनीने हात वर केला, प्लॅस्टरवालाच. म्हणाली, "मी फोन केला होता तुला. अडचण असली तर सांग म्हटलं होतं."

"हो."

"मग?"

"लाज वाटली."

वहिनी उठली. तिने एका हाताने ताटं गोळा केली, कोणाला हात लावू दिला नाही. दोन दिवस ती धाकटीशी बोलली नाही. चहा पुढे ठेवायची, पण बोलायची नाही. धाकटी दोन्ही दिवस बोळात येऊन माझ्याजवळ बसायची, पाठ भिंतीला लावून. ती रडली तेव्हा मला वाटलं, हिला सांगावं की तू एकटी नाहीस, मीही होते त्यात. नऊ वर्षं आम्ही दोघींनी मिळून ते सांभाळलं होतं आणि भरलं तिसरीनेच.

दादाही एकदा आला. धाकटीसमोर खाली बसून त्याने विचारलं, मी इतका रागवायचो का गं, की तुला सांगता आलं नाही? ती म्हणाली, रागावला असतास तर सांगितलं असतं. तू इतका खूश होतास ना.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी बाहेर आली आणि धाकटीला म्हणाली, काढ हिला खाली, चल. दोघी मला घेऊन काकांच्या दुकानात गेल्या. धाकटीने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. काकांनी स्टिकर सोडवला, खालच्या चिरा पाहिल्या आणि मटकन स्टुलावर बसले. म्हणाले, चूक माझी आहे. मडगार्ड खरं सांगत होतं आणि मी त्यालाच खोटं ठरवलं. मला लोक मिलिमीटर म्हणतात, मला जोडे मारायला हवेत. धाकटी म्हणाली, नाही काका, माझी चूक. वहिनीला वाटलं, स्टिकर काढू नका असं तर आपणच सांगितलं होतं, म्हणून तिने तीही चूक स्वतःकडे ओढून घेतली. तिघं चुकीवरून अशी भांडली की जणू ती शेवटची एकच उरली होती. मीही गप्प राहून माझा हिस्सा मागत होते. शेवटी वहिनीच वैतागली.

"पुरे झालं. चूक कोणाची ते ठरवून माझं मनगट जुळणार नाही. चिमटा बदला."

काकांनी चिमटा बदलला. दोन वॉशर काढून टाकले, मडगार्ड पुन्हा बसवलं आणि पाचची चावी काही न घालता, काही न सरकवता चाकाभोवती गोल फिरली. मग त्यांनी वहिनीला बूट घालून पेडलवर पाय ठेवायला लावला आणि हँडल पूर्ण वळवलं. बूट आणि मडगार्ड यांच्यामध्ये दोन बोटं जागा होती. काकांनी ती तीनदा मोजली. नवा चिमटा माझ्या रंगाचा नाही, काळा आहे. मला तो शोभत नाही आणि मी त्याबद्दल तक्रार करणार नाही.

तुम्हाला वाटेल, सगळं ठीक झालं. तसं पटकन नाही होत. प्लॅस्टर निघाल्यावरही वहिनी महिनाभर माझ्यावर बसली नाही. आवारात मला हाताने धरून फिरवायची आणि परत आणायची. धाकटी रोज संध्याकाळी फोन करायची, वहिनी एकदोन शब्दांत उत्तरं द्यायची. मग एका सकाळी ती बसली. फाटकातून हळू वळली. टक् झालं नाही. तिने पुन्हा वळून पाहिलं, पुन्हा नाही. तिसऱ्या फेरीला ती गाणं म्हणायला लागली, पूर्वीसारखंच बेसूर. त्याच दिवशी तिने मालकीणबाईंना कळवलं की स्कूटरवाल्याला सोडा.

आणि पुढच्याच आठवड्यात ती पुन्हा पडली, मित्रांनो. या वेळी माझा काही दोष नव्हता, खरंच नव्हता. ओल्या पानांवर तिने पुढचा ब्रेक जोरात दाबला आणि आम्ही दोघी बसकण मारल्यासारख्या खाली बसलो. तिचा गुडघा खरचटला, माझं हँडल थोडं फिरलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. तिने मागे-पुढे पाहिलं, अगदी धाकटीने पाहिलं होतं तसं. ती उठली, मला हाताने ढकलत घरी आली, जिन्याखालीच उभी राहिली आणि पूर्ण इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून म्हणाली, "मी पडले हो! मी आणि सायकल दोघी पडलो!"

खिडक्या उघडल्या. दादा धावत खाली आला. त्याच्या ओठांवर चाळिशीचं वाक्य आलेलं मला दिसलं, आणि त्याने ते गिळलेलंही दिसलं. तो खाली बसला, आधी तिचा गुडघा पाहिला, मग माझा चिमटा बाजूने डोळा बारीक करून पाहिला, मग चाक फिरवलं. सरळ आहे, म्हणाला. वहिनीने तिथेच पायरीवर बसून धाकटीला फोन लावला आणि आपण कशा पडलो ते सगळं सविस्तर सांगितलं, आधी कुठला ब्रेक दाबला इथपासून. त्या दोघी त्या दिवशी तासभर बोलल्या.

सायकलीला तेल घाला, हवा भरा, पावसात उभी करू नका, हे तुम्हाला सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. मला वेगळंच मागायचं आहे, आणि मला ते मागायचा अधिकार नाही हेही मला माहीत आहे. पडलात तर घरी येऊन सांगा, कप हातात असला तरी सांगा. कारण आमच्यावर तुमच्यानंतर दुसरं कोणीतरी बसणार असतं. आणि तुमच्या घरी कोणी येऊन म्हणालं की मी पडले, तर आधी तिचा गुडघा बघा, मग सायकलीचा चिमटा बघा, आणि हसायचंच असेल तर त्यानंतर सगळे मिळून पोटभर हसा.